भारतीय सैन्यदलांतील समलिंगी व्यक्तींची सेवा

भारतीय सैन्यदलांतील समलिंगी व्यक्तींची सेवा हा भूदल, नौदल व हवाई दल यांतील शिस्त आणि नागरिकाचे मूलभूत हक्क यांच्या सीमारेषेवरील एक वादविषय आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळल्यानंतर या वादाला उघड रूप आले. सैन्यातील व्यक्तीने आपली समलिंगी ओळख न लपवता सेवा करावी की नाही, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे. समलिंगी व्यक्ती सैन्यात असतात काय, हा प्रश्न वस्तुतः उद्भवत नाही. त्या असतात आणि पूर्वीही होत्या.

कायद्याची शब्दयोजना

लष्कर कायदा, १९५० मध्ये 'समलिंगी' असा शब्द कोठेही नाही. बंदी जी आहे ती मोघम शब्दांच्या आडून येते. कलम ४५ अधिकाऱ्याच्या पदाला न शोभणाऱ्या वर्तनाविषयी असून त्याखाली अधिकाऱ्यास अपमानपूर्वक बडतर्फ करता येते. कलम ४६ मध्ये क्रूर, असभ्य अथवा 'अनैसर्गिक' स्वरूपाचे लज्जास्पद वर्तन हा गुन्हा ठरवला असून त्यास ७ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. याखेरीज कलम ६३ हे सुव्यवस्था व शिस्त यांना बाधक अशा कोणत्याही कृतीस लागू होणारे सर्वसमावेशक कलम आहे. हवाई दलाच्या १९५० च्याच कायद्यातील ४५ व ४६ ही कलमे जवळजवळ याच भाषेत आहेत.

यातील 'अनैसर्गिक' हा शब्द १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ च्या कुळातला आहे. निसर्गक्रमाविरुद्ध शरीरसंबंध ही कल्पना ब्रिटिश राजवटीने येथील कायद्यात आणली आणि स्वतंत्र भारताच्या लष्करी कायद्याने ती जशीच्या तशी उचलली. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर, कलम ३७७ ची धार बोथट केली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आणि २०१८ मध्ये नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संमतीच्या संबंधांपुरते ते कलम घटनाबाह्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर कलम ३७७ ला समांतर असे कलमच नाही. परिणामी ज्या कलमातून तो शब्द आला ते मूळ कलम नाहीसे झाले असून लष्करी कायद्यातील त्याची सावली तेवढी शिल्लक आहे.

मात्र कलम ४६ सरसकट रद्द करावे असे म्हणणेही सोपे नाही. बराकीतील बळजबरी, वरिष्ठाने कनिष्ठावर केलेला लैंगिक अत्याचार यांवरही याच कलमाखाली कारवाई करता येते. नव्या संहितेत पुरुषावरील अशा अत्याचारासाठी ३७७ चा आधार उरलेला नसल्याने या उपयोगाचे महत्त्व वाढले आहे. म्हणून कलम ठेवून संमतीचे खासगी संबंध त्यातून स्पष्टपणे वगळावेत, अशी सुधारणा अधिक व्यवहार्य दिसते.

२०१८ नंतरची भूमिका

तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी १० जानेवारी २०१९ रोजी वार्षिक पत्रकार परिषदेत या विषयावर लष्कराची भूमिका प्रथमच जाहीरपणे मांडली. लष्कर देशाच्या कायद्याहून वर नाही, परंतु सैन्यात येणाऱ्यास नागरिकाचे काही हक्क उपलब्ध नसतात. लष्कर ही परंपरानिष्ठ संस्था असून अशा गोष्टी तेथे मान्य केल्या जाणार नाहीत आणि त्यांवर लष्कर कायद्याखाली कारवाई होत राहील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विवाहबाह्य संबंधांविषयीही त्यांनी त्याच वेळी अशीच भूमिका घेतली.

विवाहबाह्य संबंधांचा मुद्दा पुढे न्यायालयात गेला. कलम ४९७ रद्द करणारा जोसेफ शाइन खटल्याचा निकाल सैन्यदलांना लागू नसावा, असा अर्ज केंद्र सरकारने केला. ३१ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने स्पष्ट केले की, त्या निकालात सैन्यदलांच्या कायद्यांचा विचार झालेला नव्हता. सबब त्या कायद्यांखालील कारवाईस तो निकाल आड येत नाही. याच न्यायाने जोहर निकालही छावणीच्या फाटकापाशी थांबतो, असे प्रतिपादन केले जाते. ही तुलना तपासून घेण्याजोगी आहे. विवाहबाह्य संबंधांत बहुधा सहकाऱ्याच्या कुटुंबावर घाला असतो आणि कुटुंबापासून दूर, सीमेवर असणाऱ्या जवानाच्या मनःस्थितीशी त्याचा थेट संबंध पोहोचतो. दोन प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधात असा तिसरा पीडित नसतो.

अनुच्छेद ३३ चा प्रश्न

वादाचे खरे मर्म संविधानाच्या अनुच्छेद ३३ मध्ये आहे. कर्तव्याचे योग्य पालन व शिस्त टिकावी यासाठी सैन्यदलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क किती मर्यादित करावेत, हे कायद्याने ठरवण्याचा अधिकार या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे. राम सरूप खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने लष्कर कायद्यातील प्रत्येक तरतूद ही या अधिकाराखालीच केलेली असल्याचे मानले. बंदीच्या समर्थकांचा हा सर्वांत भक्कम आधार होय.

विरोधी पक्षाचे उत्तर त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये सापडते. मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा जो अधिकार तेथे केंद्र सरकारला दिला आहे तो तीन बाबींपुरता आहे: कामगार संघटना व राजकीय संस्था यांचे सदस्यत्व, सभा-निदर्शनांतील सहभाग, आणि वृत्तपत्रांशी संपर्क अथवा लेखन-प्रकाशन. खासगी जीवनाचा त्यात उल्लेख नाही. संसदेला ज्या हक्कांना मुरड घालावयाची होती ती तिने नाव घेऊन घातली. मग 'अनैसर्गिक' या एका विशेषणातून समता व खासगीपणा यांचे हक्क संपुष्टात आले असे कसे मानावे, हा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय एखादा संबंध 'अनैसर्गिक' आहे ही समजूतच जोहर निकालाने नाकारली असल्यामुळे त्या शब्दाचा लष्करी कायद्यातील अर्थही बदलला पाहिजे, असे ते म्हणतात. लष्कर कायद्यापुरता हा अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निर्णय झालेला नाही.

कलम २१ चा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. सेवेतील व्यक्तीस वृत्तपत्रांशी बोलण्यास मनाई असल्याने या वादात ज्यांचे सर्वस्व पणास लागले आहे, त्यांचा आवाज त्यात ऐकू येत नाही. बोलतात ते निवृत्त अधिकारी, वकील आणि बाहेरचे कार्यकर्ते.

शिस्तीचा युक्तिवाद आणि परदेशांतील अनुभव

विरोधाचे व्यावहारिक कारण असे सांगितले जाते की, तुकडीतील परस्परविश्वासावर लढण्याची क्षमता अवलंबून असते. बराक, तंबू व बंकर यांत खासगीपणा नसतो. आणि ग्रामीण, पारंपरिक पार्श्वभूमीच्या जवानांना असा सहकारी वा अधिकारी रुचणार नाही. यातील पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसऱ्याचे भवितव्य मात्र न्यायालयात डळमळीत दिसते. स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीविषयीच्या बबिता पुनिया खटल्यात सरकारने जवानांच्या ग्रामीण पार्श्वभूमीचे कारण पुढे केले होते. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रूढ समजुतींवर आधारलेले असे युक्तिवाद फेटाळले.

ब्रिटनमधील घटनाक्रम याच्याशी विलक्षण जुळतो. तेथील संरक्षण खात्याने बंदीच्या समर्थनार्थ सैनिकांच्या नापसंतीचा हवाला दिला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २७ सप्टेंबर १९९९ रोजी स्मिथ व ग्रेडी या हवाई दलातील दोघांच्या खटल्यात म्हटले की, बहुसंख्यांचा पूर्वग्रह हे वंशभेदाला जसे समर्थन होऊ शकत नाही तसेच येथेही होऊ शकत नाही. जानेवारी २००० मध्ये बंदी उठली. भाकीत केलेली राजीनाम्यांची लाट आली नाही. १९ जुलै २०२३ रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पूर्वी काढून टाकलेल्या सैनिकांची संसदेत क्षमा मागितली. ज्या ब्रिटिश लष्करी परंपरेचा दाखला भारतात अजून दिला जातो तिने स्वतः हा नियम सोडून दोन तपे लोटली आहेत.

अमेरिकेने १९९३ मध्ये 'विचारू नका, सांगू नका' हा मधला मार्ग काढला. समलिंगी व्यक्तीने सेवा करावी, पण ओळख उघड करू नये, असा त्याचा अर्थ. व्यवहारात त्याखाली १३,००० हून अधिक सैनिक सेवेतून काढले गेले आणि २० सप्टेंबर २०११ पासून तो मार्ग बंद झाला. कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनी १९९२ मध्ये, तर इस्रायलने १९९३ मध्ये बंधने काढली. उलट दक्षिण कोरियात सैनिकांमधील समलिंगी संबंध लष्करी दंडसंहितेनुसार आजही गुन्हा असून तेथील संविधान न्यायालयाने २०२३ मध्ये ते कलम कायम ठेवले. परदेशांतील या अनुभवावरून एक मर्यादा सर्वत्र मान्य झालेली दिसते: आज्ञासाखळीतील वरिष्ठ-कनिष्ठांचे लैंगिक संबंध शिस्तीला घातक असतात, मग ते स्त्री-पुरुषांचे असोत वा समलिंगी.

छावणी, घर आणि निवृत्तिवेतन

महाराष्ट्रात हा विषय दूरचा नाही. नागपूर शहरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरात आहे. १८२१ मध्ये वसलेल्या कामठी छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. पुणे, देवळाली, अहिल्यानगर ही तर जुनी लष्करी ठाणी. उत्तर नागपुरातील जरीपटका या वस्तीचे नावदेखील मराठा सैन्याच्या मानाच्या निशाणाचे आहे. दुसरीकडे पुण्याची समपथिक ट्रस्ट (स्थापना २००२) व नागपूरची सारथी ट्रस्ट या संस्था समलिंगी व्यक्तींसाठी काम करतात, आणि विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' पासून मराठी रंगभूमीलाही हा विषय परिचित आहे.

उद्या कारवाई थांबली तरी सैनिकाचे घर हा प्रश्न उरेल. सैन्यात विवाहाची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने होते आणि विवाहितांचे निवासस्थान, वैद्यकीय सुविधा, कुटुंब निवृत्तिवेतन हे सर्व त्या नोंदीवर उभे असते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्याने समलिंगी जोडीदाराची अशी नोंद होऊ शकत नाही. वीरमरण आल्यास कुटुंब म्हणून देय असलेल्या लाभांत त्या जोडीदाराचे स्थान नाही.

लिंगओळख हा याहून वेगळा विषय आहे. नौदलातील एका नाविकास लिंगबदल शस्त्रक्रियेनंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये सेवामुक्त करण्यात आले, ते प्रकरण वरील कलमांखालचे नव्हते. भरतीच्या वेळच्या लिंगनोंदीशी त्याचा संबंध होता.

मेजर जे. सुरेश आणि चित्रपटाचा वाद

अकरा वर्षांहून अधिक सेवा करून २०१० मध्ये लष्करातून बाहेर पडलेले मेजर जे. सुरेश यांनी २०२० मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. सेवा सोडण्यामागे जी कारणे होती त्यांत हे एक असल्याचे त्यांनी नमूद केले. त्यांच्या कथनावरून सुचलेली एक पटकथा 'आय ॲम' या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटाचे दिग्दर्शक ओनीर यांनी लिहिली. लष्करविषयक चित्रपटांसाठी संरक्षण मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, असे मंत्रालयाने २०२० मध्ये चित्रपट परिनिरीक्षण मंडळास कळवले होते; त्यानुसार केलेला ओनीर यांचा अर्ज जानेवारी २०२२ मध्ये नाकारण्यात आला. लोकसभेत वरुण गांधी यांच्या प्रश्नाला उत्तर देताना संरक्षण राज्यमंत्री अजय भट्ट यांनी कारण सांगितले: काश्मीरमध्ये तैनात जवान व एक स्थानिक तरुण यांच्यातील प्रेमसंबंधाच्या चित्रणामुळे लष्कराची प्रतिमा मलिन होते आणि सुरक्षेचे प्रश्न निर्माण होतात. पटकथेत बेकायदेशीर असे काही नसताना परवानगी नाकारली गेली, अशी ओनीर यांची तक्रार होती.