रोज एक वाक्य

रक्ताच्या कर्करोगावर कार-टी पेशी, म्हणजे कर्करोगाशी लढण्यासाठी बदललेल्या स्वतःच्याच प्रतिकारपेशी, घेतलेल्या रुग्णाला परिचारिका रोज एक वाक्य लिहायला सांगते. मजकूर काहीही चालतो. अक्षर कालच्यासारखे आहे की फरफटले, एवढेच तिला पाहायचे असते. औषधाची झळ मेंदूला लागली, तर हात डगमगू लागतो.

ही नजर हळूहळू घडत गेली.

नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली. केमोथेरपी देताना परिचारिकांना धास्ती असे ती उलट्यांची आणि शिरेबाहेर औषध झिरपण्याची. इथे पहिल्याच डोसला हुडहुडी भरे, ताप चढे, रक्तदाब घसरे. म्हणून सुरुवात ताशी ५० मिलिग्रॅमने. रुग्णाला सोसले तर दर अर्ध्या तासाने ५० ने वाढ, जास्तीत जास्त ४००. थंडी वाजली की औषध थांबवायचे आणि त्रास ओसरल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सोडायचे. सगळा खेळ घड्याळाचा.

डिसेंबर २०१४ मध्ये ब्लिनाटुमोमॅब आले आणि पहारा घरापर्यंत पोहोचला. हे औषध शरीरात जेमतेम काही तास टिकते, त्यामुळे पंपातून सलग २८ दिवस द्यावे लागते. पहिले काही दिवस वॉर्डात, मग पंप पिशवीत घालून रुग्ण घरी. परिचारिकांना मात्र हातची एक सवय सोडावी लागली. एरवी नळी सलाईनने धुऊन काढायची. इथे तसे केले, तर नळीतले औषध एकदम अंगात जाईल!

कार-टीची वाट त्याआधीच उघडली होती. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या. पाठोपाठ भडकलेला ताप तिला मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेला. अखेर तो आटोक्यात आणला टोसिलिझुमॅब या संधिवाताच्या औषधाने. तेव्हापासून कार-टीनंतरचा ताप म्हणजे धोक्याची घंटा ठरला. पुढे मेंदूच्या तपासणीसाठी दहा गुणांची परीक्षा रूढ झाली: साल, महिना, शहर, रुग्णालय सांगा, तीन वस्तू ओळखा, सांगितलेली कृती करा, शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजा, आणि ते एक वाक्य.

भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचे लोकार्पण केले.

अमेरिकेने जून २०२५ मध्ये कार-टीनंतर रुग्णालयाजवळ राहण्याची मुदत चार आठवड्यांवरून दोनवर आणली. मुंबईत हा ‘जवळचा मुक्काम’ नवा नाही. टाटात येणाऱ्या परगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार जुना आहे. अशा मुक्कामी रात्री ताप मोजायचे काम बायकोकडे किंवा भावाकडे येते. त्यांना तिकडे धाडण्याआधी परिचारिका तीन गोष्टी घोकवून घेते: पारा ३८ अंशांवर गेला, बोलणे अडखळले किंवा अक्षर बिघडले, तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा.