उसण, पायाळू आणि कमरेतला एक सांधा

माढ्याला माझ्या आजोळी कुणाची कंबर धरली की ‘उसण भरली’ म्हणत आणि पायाळू माणसाला बोलावणे धाडत. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, हा समज महाराष्ट्रात जुना आहे. आजीची उसण अशी दोन-तीनदा उतरली. धाकट्या मामाची मात्र उतरली नाही. आई सांगे की, विशी-बाविशीपासून त्याला पहाटे अंथरुणातून उठणे जड जाई. तासभर बैलांमागे चालला की कंबर सैल होई. चाळिशीत तर त्याला मान वळवून मागे पाहता येईना. उपाय एकच, मग परिणाम वेगवेगळे का? हे समजण्यासाठी कमरेतल्या एका सांध्याचा इतिहास पाहू.

पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचे पाचरीसारखे हाड असते. त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडे जोडलेली असतात. हा त्रिक-श्रोणी सांधा. डॉक्टर त्याला सॅक्रोइलियाक सांधा म्हणतात. धडाचा सारा भार या दोन सांध्यांतूनच पायांकडे जातो. सुश्रुतसंहितेने कमरेच्या हाडांचे सांधे कवटीच्या सांध्यांबरोबर ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवणीसारखे, या प्रकारात घातले आहेत. हे निरीक्षण सत्याच्या बरेच जवळ होते. १९८९ मध्ये स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या सांध्याची हालचाल मोजली. ती सरासरी अडीच अंश भरली आणि सरकणे एक मिलिमीटरपेक्षाही कमी!

१९०५ मध्ये बोस्टनचे गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी, हा सांधा हलतो आणि त्यातून कंबरदुखी होऊ शकते, असे मांडले. पुढची पंचवीस-तीस वर्षे कंबर दुखली की संशय याच सांध्यावर जाई. पट्टे बांधले जात, प्लास्टर घातले जाई, तो जखडून टाकण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. काही रुग्ण बरे होत आणि श्रेय त्या त्या उपायाला मिळे. उपाय केला नसता तर काय झाले असते, हे कोणी पाहिले नव्हते. माढ्याच्या पायाळूला श्रेय मिळे ते याच रीतीने.

१९३४ मध्ये बोस्टनच्याच मिक्स्टर आणि बार यांनी दाखवले की, मणक्यांमधली चकती बाहेर सरकून मज्जातंतूवर दाबली की कंबर व पाय दुखतात. सरकलेली चकती शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसे. त्रिक-श्रोणी सांधा मात्र दुखत असला तरी क्ष-किरण चित्रात बहुधा निर्दोषच दिसे. त्यामुळे तो अनेक दशके विस्मरणात गेला.

तो पुन्हा चर्चेत आला तो प्रयोगांमुळे. १९९४ मध्ये फॉर्टिन यांनी काहीही दुखत नसलेल्या दहा जणांच्या या सांध्यात द्रव टोचून तो ताणला आणि कुठे दुखते ते विचारले. दुखणे मुख्यतः कमरेवरच्या खळीच्या लगत खाली, सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद पट्ट्यात उमटले. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये मेन यांनी एका बाजूची कंबर दुखणाऱ्या ५४ रुग्णांचा सांधा बधिर करून पाहिला. १९ जणांना आराम पडला. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. या १९ जणांना पुन्हा, जास्त वेळ टिकणारे दुसरे औषध टोचले, तेव्हा दहाच जण उरले. म्हणजे हा सांधा प्रत्येक कंबरदुखीचे कारण नाही, पण काहींच्या बाबतीत नक्कीच आहे.

आता आजी आणि मामा. साधी उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. आजीची पायाळूवाचूनही ओसरली असती. मामाचा आजार निराळा होता. पुढे सोलापुरात काढलेल्या क्ष-किरण चित्रात त्याचे दोन्ही त्रिक-श्रोणी सांधे एकजीव झालेले दिसले. हा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील बिघाडाने होणारा हा दाह बहुधा याच सांध्यांपासून सुरू होतो आणि कण्यात वर चढतो. ‘एचएलए-बी२७’ या आनुवंशिक खुणेशी त्याचे नाते १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथे स्वतंत्रपणे उघड झाले होते. मामाचे दुखणे सुरू झाले ते त्यानंतर थोड्याच वर्षांनी. पण ही माहिती माढ्यापर्यंत पोचली नव्हती.

सांध्यावर ताण पडून होणाऱ्या दुखण्यात कंबर, पोट आणि नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम, गरोदरपणात कमरेचा पट्टा आणि निवडक रुग्णांत सांध्यात इंजेक्शन यांचा उपयोग होतो. दाहाच्या आजारात नियमित व्यायाम आणि दाहशामक औषधे लागतात; २००० नंतर जैविक औषधेही आली. मात्र जखडलेला सांधा त्यांनी पुन्हा मोकळा होत नाही. म्हणून आजार लवकर ओळखणे महत्त्वाचे.

शिक्षकांना दोन विनंत्या. पायाळूचा उपाय खरा की खोटा, हे कसे तपासाल, असा प्रश्न वर्गात जरूर टाका आणि तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, ते मुलांकडूनच काढून घ्या. आणि वरच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी सकाळच्या कवायतीला ताठरल्यासारखी वागत असेल, तीन महिन्यांहून अधिक काळ पहाटे कंबर दुखून जाग येते आणि हालचालीने बरे वाटते असे सांगत असेल, तर तिला आळशी ठरवू नका. पालकांना बोलावून सांधेविकाराच्या डॉक्टरांकडे जायला सांगा.