डिकेमाली : अरण्याचे एक ऋण

चांदा नगरीच्या स्थापनेची कथा आपल्या बहुतेक ज्ञातिबांधवांना ठाऊक आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावरील फोड झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने बरे झाले आणि त्या स्थानाजवळ चंद्रपूर वसले, अशी ती आख्यायिका होय. तिचे ऐतिहासिक मोल काहीही असो, व्याधीचा उतारा याच भूमीत आहे, हा तिच्यातील विश्वास येथील घराघरांत नांदत आला. डिकेमाली हे त्याचे एक साधे उदाहरण होय.

डिकेमालीचे झुडूप कोरड्या, खडकाळ रानात वाढते. त्याच्या डहाळ्यांच्या टोकांशी, कोवळ्या कळ्यांवर, हिरवट-पिवळी राळ जमते व हवेने घट्ट होते. फुले उमलताना पांढरी असतात आणि मागाहून पिवळी पडतात. राळेचा वास मात्र इतका उग्र, की डबी उघडताच घरभर कळावे! संस्कृतात हिला ‘नाडीहिंगु’ हे हिंगाशी नाते सांगणारे नाव आहे. पोटातील कृमी, वायू व अजीर्ण यांवर ती देत. लहान मुलास दात येताना पोट बिघडले, म्हणजे घरातील वडीलधारी स्त्री सहाणेवर तिचा एखादाच वेढा उगाळी. गुरांच्या जखमेवर माश्या बसू नयेत म्हणूनही तिचा लेप लावीत. आधुनिक रसायनशास्त्राने या राळेतून ‘गार्डेनिन’ नावाची द्रव्ये वेगळी केली आहेत.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. ही डबी आपल्या घरांत आली ती गोंड व माडिया बांधवांच्या हातून. कोणत्या दिवसांत राळ धरते, कोणती डहाळी खुडावी व कोणती राखावी, हे ज्ञान त्यांचे. आपल्या वडिलांनी आठवडी बाजारात मीठ-मिरची देऊन डिंक, लाख, मोह, डिकेमाली घेतली आणि दुकाने उभी केली. आमच्या पाहण्यातील जुन्या वह्यांत मालाचे वजन आहे, भाव आहे. माल आणणाराचे नाव मात्र नाही.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १८७८ च्या वनकायद्याने जंगलावर सरकारी अंमल घट्ट झाला व राळ वेचणारा आपल्याच रानात परका ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावरील त्याचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ही आपल्या भागास भूषणावह गोष्ट होय.

मुलांच्या जंतांसाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत व शाळेत गोळी दिली जाते. तान्ह्या मुलास डिकेमाली वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. परंतु डबी टाकून द्यावी, असेही आम्ही म्हणणार नाही. घरातील वृद्ध स्त्रियांकडून तिची माहिती आजच लिहून घ्यावी, आणि त्या टिपणाच्या आरंभी, आपल्या वह्यांत राहून गेलेला, ती राळ वेचणाऱ्यांचा उल्लेख अवश्य करावा, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे.