खापरावरच्या पावत्या

हातात मावेल एवढं खापर. दारूच्या नाहीतर तेलाच्या फुटक्या मडक्याचं. त्यावर बोरूनं, काळ्या शाईनं, घाईघाईत ग्रीक अक्षरांत खरडलेल्या चारपाच ओळी. अमक्याचा पोरगा अमका, आई अमकी, अमुक सम्राटाच्या अमुक वर्षाची डोईपट्टी इतके द्राख्मा भरली. तारीख. संपलं.

अशी हजारो खापरं दक्षिण इजिप्तमध्ये नाईलच्या काठाला सापडली. थीब्ज, म्हणजे आजचं लक्सर, आणि अस्वानजवळचं एलिफंटाईन बेट या दोन मोठ्या जागा. उलरिख विल्केन या जर्मन पंडितानं १८९९ साली त्यांतली सोळाशेच्या वर खापरं दोन खंडांत छापली. काम अजून चालूच आहे. अथ्रिबिस इथं अठरा हजारांच्या वर लिहिलेली खापरं निघाल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. त्यांतली बहुतेक मात्र देशी इजिप्ती लिपीतली.

खापरच का? पॅपिरस विकत घ्यावा लागे. खापर उकिरड्यावर फुकट.

आणि ग्रीक का? कारण राज्य करणाऱ्यांची भाषा ती. अलेक्झांडरनं इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये इजिप्त घेतलं, मग टॉलेमी घराणं आलं, इसवी सनापूर्वी ३० मध्ये रोमन आले. मालक बदलले, दप्तराची भाषा ग्रीकच राहिली. शेत कसणारा इजिप्ती बोलायचा. म्हणजे पैसा त्याच्या घामाचा, नाव त्याचं, आणि बहुतेकांना ती पावती वाचता येत नव्हती. तरी तो ती जपून ठेवायचा. तेच पैसे पुन्हा मागायला कुणी दारात आला तर दाखवायला दुसरं काय होतं त्याच्याजवळ?

कर तरी किती! डोक्यावर कर. बंधाऱ्यांसाठी कर. हमामखान्याचा कर. विणकराच्या धंद्यावर कर. शरीर विकणाऱ्या बाईवरही कर, आणि तिला एका दिवसाचा परवाना दिल्याचंसुद्धा खापर आहे. शिवाय बंधाऱ्या-कालव्यांवर पाच दिवसांची वेठ. किती माती उपसली त्याचीही पावती खापरावरच.

आता डोईपट्टी नीट बघा, मित्रांनो. खरी गोम तिथं आहे. चौदा वर्षांपासून साठीपर्यंतच्या पुरुषांवर ती होती. पण सगळ्यांवर सारखी नव्हती. रोमन नागरिकाला माफ. अलेक्झांड्रिया शहराच्या नागरिकाला माफ. फायूम भागात जिल्ह्याच्या मुख्य गावच्या रहिवाशाला वीस द्राख्मा आणि खेड्यातल्या इजिप्ती माणसाला चाळीस. एलिफंटाईनला सोळा, पुढं ट्राजनच्या काळात थोडी वाढली. पहिल्या शतकात मजुराचा रोज एका द्राख्म्याच्या आतबाहेर होता, हे ध्यानात धरा. ज्याच्याकडं जास्त त्याला माफी, ज्याच्याकडं काहीच नाही त्याला दुप्पट.

सवलतीचा दर्जा मिळायचा कसा? जन्मानं. पोरगा चौदा वर्षांचा झाला की बाप दर्जाचा आणि आईचा बापही दर्जाचा, असं दोन्ही बाजूंनी सिद्ध करावं लागे. बर्लिनमध्ये एक पॅपिरस आहे, रोमन खजिन्याच्या एका खात्याचे नियम त्यात आहेत. रोमनानं इजिप्ती बाईशी लग्न केलं तर लेकरं खालच्या दर्जाची. इजिप्ती माणसानं आपलं पोरगं वरच्या वर्गातलं म्हणून नोंदवलं तर बापलेक दोघांच्या मालमत्तेचा सहावा हिस्सा जप्त.

ही जातिव्यवस्था नव्हती. विटाळ नव्हता, पाणवठा बंद नव्हता. दोन्ही एकच म्हणणं म्हणजे आपलं दुःख पातळ करणं. पण बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, तिची एक उतरंड इथं खापराखापरावर दिसते. मधल्याला अर्धी सवलत दिली की तो खालच्याशी हात मिळवत नाही. रोमला हे चांगलं ठाऊक असणार.

ज्यांना भरणं झेपेना ते गाव सोडून पळत. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा यहुदी विचारवंत फायलो एका वसुलीवाल्याची हकीकत लिहितो. पळालेल्यांच्या बायका, पोरं, म्हातारे आईबाप धरून आणून पत्त्यासाठी त्यांचे हाल केले. पळालेल्यांची बाकी पुढं उरलेल्या गावकऱ्यांवर वाटून टाकत. त्या वाटणीचा कर वेगळ्या नावानं लावला जाई, त्याच्याही पावत्या सापडल्यात. पळाला एक, खापर फुटलं दुसऱ्यावर. आपल्या भाषेतली म्हण इथं अक्षरशः खरी.

जाता जाता : अथेन्समध्ये अशाच खापरांवर नावं खरडून लोक बलाढ्य पुढाऱ्याला दहा वर्षं शहराबाहेर घालवत. ग्रीक भाषेत खापराला ऑस्ट्राकॉन म्हणत, त्यावरनं इंग्रजीतला बहिष्काराचा शब्द आला. पण तिथं बहिष्कृत व्हायचा तो थेमिस्टोक्लिससारखा मोठा माणूस. त्याची मालमत्ताही त्याचीच राहायची, आणि दहा वर्षांनी तो परत येऊ शकत असे. आपला बहिष्कार जन्माचा. १९२७ साली बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' काढलं ते त्याच माणसांसाठी.

इजिप्तकडं परत येऊ. इसवी सन २१२ मध्ये सम्राट काराकाल्लानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक करून टाकलं. नागरिकाला डोईपट्टी माफ, हा तर जुनाच नियम. इजिप्तमध्ये डोईपट्टीची वसुली त्यानंतरही काही दशकं चालू होती.