लेझर लहान झाला, धोका नाही

वरातीत डीजेच्या टेम्पोवरून हिरवा-निळा लेझर फिरतो ना, त्याचीच ही गोष्ट.

पहिला गॅस लेझर 1960 साली अमेरिकेत तयार झाला. नळीत वायू भरून वीज सोडली की बारीक, सरळ प्रकाशरेघ निघे. 1973 मध्ये लॉस एंजेलिसच्या तारांगणात लोकांनी तिकीट काढून लेझरचा खेळ पाहिला. पुढे असे खेळ वाढले. त्यातल्या मोठ्या यंत्रांना थ्री-फेज वीज लागे, थंड ठेवायला वाहतं पाणी लागे आणि शेजारी जाणकार माणूस लागे.

मग डायोड आला. नखाहून लहान तुकडा, साध्या प्लगवर चालणारा. 1990 नंतर निळा डायोडही साधला आणि लेझर स्वस्त झाला. यंत्र लहान झालं, पण किरण प्रखरच राहिला. शेजारचा जाणकार तेवढा गेला.

2023 च्या गणेशोत्सवात नाशिकला मिरवणुकीतल्या लेझरने तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली.

आपण वरंधकरांनी बंदीची वाट कशाला पाहायची? गटाच्या बैठकीत ठरवू आणि डीजेला सुपारी देतानाच सांगू : लेझर नको. कडेवरचं पोर त्या रेघेकडेच टक लावून बघतं.