तीनशे साठचा हिशेब

तुम्ही सालेर्नोच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत उभे आहात. चौदावं शतक नुकतंच लागलंय. बाग मात्तेओ सिल्वातिको या वैद्याची. बोटांत सेजचं पान चुरडता. राखाडी-हिरवं, लवदार, वास कापराजवळचा. चावलं की जीभ तुरट होते. घसा धरला की याच पानांच्या काढ्याने गुळण्या करायच्या, एवढं इथे सगळ्यांना ठाऊक आहे. हा तुरटपणा नेमका कशाचा, ते अजून कोणी सांगू शकत नाही.

पापणी लवते आणि १९५८ साल उजाडतं. इटलीतलीच प्रयोगशाळा, पण नाकात शिरतो ब्यूटेनॉल आणि व्हिनेगरचा दर्प. काचेच्या उभ्या टाकीत गाळणकागद टांगलाय. त्यावर अर्काचा थेंब. द्रावक झिरपत जातं तशी संयुगं आपापल्या ठिकाणी मागे राहतात. घाई करून चालत नाही. तुम्ही रात्रभर थांबता. सकाळी वाळलेला कागद अतिनील दिव्याखाली धरता, तर काळोखात निळे ठिपके! अमोनियाची वाफ दिली की ते आणखी उजळतात. फेरिक क्लोराईड लावलं की हिरवट डाग उमटतो: शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेल्या फिनॉलची ही खूण.

पण ठिपका दिसला म्हणजे ओळख पटली असं नव्हे. स्कार्पाती आणि ओरिएंते या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी शुद्ध केलेलं संयुग आहे रोझमेरीच्या पानांतलं. ते फोडलं की दोन तुकडे हाती येतात. एक कॅफेइक आम्ल, रेणुभार १८०. दुसरं त्याचंच भावंड शोभेल असं डायहायड्रॉक्सिफिनाइल-लॅक्टिक आम्ल, भार १९८. बेरीज ३७८. जुळताना पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८, बाहेर पडतो. उरले ३६०. हेच रोझमॅरिनिक आम्ल. सेजच्या पानातही ते भरपूर असतं. आणि २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीलाच सेजच्या साल्व्हिया प्रजातीत आणून बसवलं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता आजच्या प्रयोगशाळेत या. वाळवून दळलेलं सेजचं पान मिथेनॉल-पाण्यात भिजवून गाळलंय. संयुगं वेगळी करणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या स्तंभातून अर्क सरकतो, ३३० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात पाहिलं की आलेखावर शिखर उंचावतं. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणूचा एक प्रोटॉन गेलेला असतो, म्हणून आकडा ३५९. यंत्र त्याला फोडतं: १९७, १७९, १६१. पहिले दोन पाहून तुम्ही चमकता. १९५८च्या त्याच दोन तुकड्यांतून प्रत्येकी एक प्रोटॉन वजा! यातलं १९८ भाराचं आम्ल चिनी औषधी सेज दानशेन हिच्या मुळातही सापडतं. तिकडे त्याचं नावच दानशेनसू.

तरी आकड्यावर विसंबू नका. सारख्या वजनाची संयुगं असतात. शुद्ध रोझमॅरिनिक आम्लाचा प्रमाण नमुना त्याच स्तंभातून सोडा, तो त्याच मिनिटाला बाहेर येतो का पाहा. येतो.

ट्रेमधली पुढची कुपी तुळशीची आहे, सेजच्याच कुळातली. तुम्ही बटण दाबता. त्याच मिनिटाला शिखर वर चढतं, आणि पडद्यावर ३५९.