परदेशी स्पोर्ट्स कार : बंदरापासून माळशेज घाटापर्यंत

परदेशी स्पोर्ट्स कार भेट म्हणून मिळाली तरी ती भारतात रस्त्यावर आणणे सोपे नसते, याचा प्रत्यय सचिन तेंडुलकरच्या फेरारीने दिला. सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल सचिनला 'फेरारी ३६० मोडेना' भेट देण्यात आली. २००२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याने ती स्वीकारली. सुमारे एक कोटी १३ लाख रुपयांचे आयात शुल्क माफ करण्याच्या निर्णयावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर फियाट कंपनीने ते शुल्क भरले. जुन्नर-आंबेगावातील हौशी वाहनधारकापुढेही पहिला घाट असतो तो कागदपत्रांचाच.

आयातीचे नियम

वापरलेली मोटार आयात करायची असल्यास ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. सुकाणू उजव्या बाजूला, वेगमापक किलोमीटरमध्ये आणि दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा लागतो. अशी मोटार मुंबई बंदरातूनच आणता येते. ती सोडवून घेण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी आवश्यक असते. पुण्याची 'एआरएआय' आणि अहिल्यानगरची 'व्हीआरडीई' या त्यांपैकी दोन संस्था जुन्नरपासून फार दूर नाहीत.

जुन्या मोटारींसाठी वेगळी तरतूद आहे. पूर्वी १९५० पूर्वीच्याच व्हिंटेज मोटारी आणण्यास मुभा होती. २०२५ मध्ये ही अट बदलून ५० वर्षांहून जुन्या मोटारींना वाट मोकळी करण्यात आली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा वाहनाच्या नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. क्रमांकात राज्याच्या संकेतांकानंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र हे वाहन रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल एवढ्याच कारणांसाठी ते रस्त्यावर आणता येते.

नोंदणी आणि कर

जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतात. त्यामुळे येथील वाहनांवर 'एमएच १४' हा क्रमांक दिसतो. आयात मोटारीवर महाराष्ट्रात किमतीच्या २० टक्के कर आकारला जातो. त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली.

हा कर वाचविण्यासाठी पुदुच्चेरीसारख्या ठिकाणी नोंदणी करून मोटार महाराष्ट्रात चालविण्याचे प्रकार घडले आहेत. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाची तेथे पुनर्नोंदणी करावी लागते. 'कार्ने' या परवान्यावर आलेल्या मोटारींबाबत तर अधिकच सावध राहावे. ही सवलत परदेशी प्रवाशाला शुल्क न भरता साधारण सहा महिन्यांपर्यंत मोटार आणण्यासाठी असते. ती मोटार येथे विकण्यासाठी नव्हे. स्वस्तात मिळते म्हणून अशी मोटार घेणाऱ्याचे पैसे आणि वाहन दोन्ही जाऊ शकते. म्हणून खरेदीपूर्वी सीमाशुल्क भरल्याचे 'बिल ऑफ एन्ट्री' पाहावे आणि त्यातील चॅसी व इंजिन क्रमांक वाहनावर प्रत्यक्ष पडताळावेत.

गॅरेजमधील कामे

बराच काळ उभी राहिलेली मोटार चकाकत असली तरी चालविण्यास योग्य असतेच असे नाही. टायरचे रबर न वापरताही कडक होते. टायरच्या कडेवरील शेवटच्या चार अंकांतून उत्पादनाचा आठवडा व वर्ष समजते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि उतारावर ब्रेक तापल्यावर तो ओलावा घातक ठरू शकतो. देशभर मिळू लागलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या मोटारींतील रबरी नळ्या व वायसर खराब होण्याची शक्यता असते. त्यामुळे हे भाग इथेनॉलला टिकणारे बसवून घेणे शहाणपणाचे ठरते.

मूळ रचनेत मनाजोगते बदल करण्यासही मर्यादा आहेत. उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. मोठा आवाज करणारा सायलेन्सर या कारणाने अडचणीत आणू शकतो. विमा आणि पीयूसी प्रमाणपत्र तर हवेच.

रस्ता आणि सोबत

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर असावी. अनेक स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीपासून जेमतेम त्याहून थोडे वर असते. गावोगावच्या मनमानी गतिरोधकांवर ते सहज घासते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि पावसाळ्यात माळशेज घाटातील धुके व दरडी लक्षात घेऊनच फेरी आखावी लागते.

अशा वेळी अनुभवी मंडळींची सोबत मोलाची ठरते. मुंबईत १९१९ पासून कार्यरत असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या जुन्या संस्था आहेत. सुटे भाग कोठे मिळतात, कोणता मेकॅनिक जाणकार आहे, ही माहिती अशा वर्तुळांतच मिळते. मात्र समूहाने निघालेली फेरी शर्यतीत बदलता कामा नये. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीसाठी १८९ व्या कलमानुसार पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वेगाचे वेड या तालुक्यांना नवे नाही. येथील यात्रांत बैलगाड्यांची बारी सेकंदांवर मोजली जाते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मात्र ही बारी धावते ती राखून ठेवलेल्या घाटात, रहदारीच्या रस्त्यावर नव्हे. चारशे अश्वशक्तीच्या मोटारीच्या मालकानेही एवढे भान ठेवले तर हौस आणि सुरक्षितता दोन्ही साधता येतील.